होडीला टेकलेल्या माणसाचे डोळे

नगर जिल्ह्यात समुद्र कुठला आलाय! तरी बुडालेल्या होडीच्या एका फोटोनं माझी पाचावर धारण बसवली होती.

अब्बांचा फोटो स्टुडिओ जुन्या शहरात होता. ते गेल्यावर मी तो सावेडीत आणला. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि जुने फोटो नीट करून देणं, एवढ्यावर चालतो. गेल्या उन्हाळ्यात राहुरीकडच्या एक मावशी पिशवीत फ्रेम घेऊन आल्या. त्यांचं मूळ गाव धरणात गेलेलं. लोकांना उठवून वरच्या माळावर वसाहत दिली, आणि आता वसाहतीच्या शाळेत जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं.

फोटोत काठावर ओढून काढलेली फुटकी होडी, मागं वसाहतीतली पहिली पत्र्याची शेडं, आणि होडीला टेकून बसलेला एक माणूस, थेट कॅमेऱ्यात बघणारा. त्याच्या मानेमागं हात घालून परकरातली सात-आठ वर्षांची मुलगी उभी.

"हा माझा बा," मावशी म्हणाल्या. "ही मी. तुज्या अब्बानंच काढलाय. बाचा एवढा एकच फोटो हाय, बाई. जपून."

फोटो काचेला पार चिकटला होता. अशा वेळी अब्बांची एकच ताकीद असायची: आधी कॉपी, मग पाणी. पण त्या दिवशी वीज गेलेली, स्कॅनर बंद, आणि मावशींना दुपारची एसटी गाठायची होती. मोबाईलवर एक फोटो काढून ठेवावा की नाही! अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. आतल्या खोलीत ट्रेमध्ये पाणी घेतलं आणि काचेसकट फोटो बुडवला.

थोड्या वेळानं तो अलगद सुटला. उचलून बघते तर माणसाचे डोळे मिटलेले.

पाण्यात काळ्या रंगाची बारीक रेघ तरंगत होती, आणि तिच्याकडे बघताना सगळं लक्षात आलं. ज्याचा जिवंतपणी कधी फोटो निघाला नाही, त्याचा मेल्यावर तरी एक असावा म्हणून लोक अब्बांना बोलवायला यायचे. मयताला कशाला तरी टेकवून बसवायचं, फोटो काढायचा, आणि छापल्यावर बारीक ब्रशनं वरून उघडे डोळे काढायचे. "घरच्यांना बघवलं पाहिजे ना," अब्बा म्हणायचे. हा फोटो त्यातलाच असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. अब्बांनी काढलेले डोळे मी धुऊन टाकले होते.

बाहेर बाकावर मावशी बसलेल्या. जन्मभर ह्यांना वाटलं असणार की बाप आपल्याकडे बघतोय. आता मी काय सांगू? पुढच्या आठवड्यात या म्हणावं आणि कॉम्प्युटरवर डोळे बसवावेत? पण कोणाचे? पासपोर्टच्या ढिगातल्या कोणाचे तरी?

"झालं का गं?"

"होतंय, मावशी."

तीनदा खोटं बोलले. चौथ्यांदा त्या पडदा सारून आतच आल्या. ट्रेकडे बघितलं.

"मावशी, माझ्या हातून..."

"मिटले व्हय?" त्यांनी पदराला हात पुसून फोटो उचलला. "अगं, तवा मिटलेलेच हुते. मला काय ठाव न्हाई? बुडत्या गावातनं सामान आणताना होडी उलटली, आन् बा सांजच्याला सापडला. मान पडत हुती त्याची. म्हनून मी मागनं हात दिलाय. बघ की."

बघितलं. मला लाडानं टाकलेला वाटलेला तो हात मान सावरत होता.

"तुज्या अब्बानं त्याला जिता कुठं बघितला हुता? डोळे कसे हुते, विचारलं त्यांनी. आई म्हनली, ह्या पोरीसारखे. मग मला दुकानात स्टुलावर बसवलं आन् माज्याकडं बघून काढले." त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बसल्या आणि चष्मा काढला. "म्हनून तर तुज्याकडं आले. काय झालंच तर हितं परत काढता येतील. काढ."

"मला ब्रशचं येत नाही, मावशी. मी सगळं कॉम्प्युटरवर करते."

"न हलता बसते की मी."

दारातल्या उन्हात फोटो वाळवला. अब्बांचा ब्रश खणाच्या तळाशी सापडला. मनगट टेबलावर दाबून धरलं. एसटी केव्हाच गेली होती. मावशींचा डावा डोळा मोतीबिंदूनं पांढुरका झाला होता. मी उजव्याकडे बघून दोन्ही काढले.

त्यांनी चष्मा लावला, फोटो तोंडाजवळ धरला, मग दारातल्या उन्हाकडे वळवून बघितला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बघतोय."