नोबुएबाईंनी निवडलेलं लाकूड

मोरिओका शहरात ‘कोकागे’ नावाचं कॉफीचं दुकान होतं, पण कॉफी हे नुसतं निमित्त. लोक यायचे ते मास्टरांच्या जॅझच्या रेकॉर्डी ऐकायला. दारातच पाटी होती : आत बोलू नये. पाटी शोभेची नव्हती. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने बायकोला हळूच ‘साखर दे’ म्हटलं, तर मास्टरांनी सुई उचलली, साखर कपात पडून नीट ढवळून होईपर्यंत हाताची घडी घालून उभे राहिले आणि मग रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. तो माणूस पुन्हा आला, पण बायकोला घरी ठेवून.

मास्टर म्हणजे शिगेहारु कुदो. गिऱ्हाइकं त्यांना मास्टर म्हणत, म्हणून त्यांची बायको नोबुएबाईही मास्टरच म्हणू लागली, आणि नवऱ्याला दुसरं काही म्हणता येतं हे ती विसरून गेली. बोलायला बंदी असल्यामुळे दुकानात मागणी बोटांवर चाले. एक बोट म्हणजे कॉफी, दोन म्हणजे कॉफी आणि टोस्ट. नोबुएबाई बोटं बघायच्या, मान हलवायच्या आणि पडद्यामागे जायच्या. दोन मुली झाल्या, वाढल्या, लग्न होऊन तोक्योला गेल्या, तरी नोबुएबाई आपल्या पडद्यातून आत-बाहेर करतच होत्या.

मग ती इमारत पाडायला काढली. सत्तरीला आलेला माणूस नवीन दुकान कुठे थाटणार? दोघं नदीपलीकडच्या नगरपालिकेच्या चाळवजा इमारतीत राहायला आली. मास्टरांचे कपाटाएवढे स्पीकर नव्या घराच्या दारातून आत जाईनात, ते एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले. रेकॉर्डी मात्र सगळ्या आल्या आणि त्यांनी दोन खोल्यांतली दीड खोली व्यापली. मास्टरांनी एक लहान स्पीकरची जोडी आणून संध्याकाळी थोडा वेळ ऐकायला सुरुवात केली. आवाज बेताचाच ठेवला. म्हणजे त्यांच्या मते बेताचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारच्या इवाबुचीबाई पेटीभर सफरचंदं घेऊन दारात उभ्या.

“आमच्या भावाच्या बागेतली आहेत. यंदा छान धरलीयत,” त्या म्हणाल्या. “आणि तुमचे यजमान अगदी ठणठणीत आहेत, नाही? भिंतीतून सगळं कळतं ना आम्हाला. बरं वाटतं हो.”

नोबुएबाईंनी कमरेत वाकून वाकून आभार मानले, मुळ्याचं लोणचं परत भेट म्हणून दिलं, आणि दार लावल्यावर मास्टरांकडे पाहिलं. मास्टरांनी ऐकलं होतंच. त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड पाकिटात घातली, आणि त्यानंतर हातही लावला नाही. कुणी येऊन भांडलं असतं तर मास्टर दोन शब्द ऐकवून मोकळे झाले असते. पण पेटीभर सफरचंदांशी माणूस भांडणार कसा?

तेव्हापासून मास्टर खिडकीशी बसू लागले. पेपर पहिल्या पानापासून ट्रॅक्टरच्या जाहिरातीपर्यंत वाचायचे. जेवण निम्म्यावर आलं. काही विचारलं तर ‘हं’, नाही विचारलं तर तेवढंही नाही. आयुष्यभर ज्या माणसाने ऐकण्याखेरीज दुसरं काही केलं नाही, त्याचं ऐकणंच गेलं, आणि तो डोळ्यांदेखत सुकत चालला. नोबुएबाई घाबरल्या. मास्टरांना पुन्हा ऐकायला लावायचं, एवढं एकच त्यांच्या मनाने घेतलं.

त्यांनी हाताकेयामांना फोन केला आणि सफरचंदांपासून सगळं सांगितलं. हाताकेयामा दातांचे डॉक्टर, ‘कोकागे’तल्या कोपऱ्यातल्या खुर्चीचे कायमचे मालक.

“वहिनी, हेडफोन घ्या,” डॉक्टर म्हणाले.

“धाकटीने पाठवले होते हो. मास्टर डब्यात तोंड घालून गातायत म्हणाले आणि परत पाठवले.”

“ते बाजारातले. मी लाकडाचे म्हणतोय. हानामाकी गावात मिसावा म्हणून एक कारागीर आहे. वडील कपड्यांच्या पेट्या करायचे, हा कानाच्या करतो. आपल्याला हवं ते लाकूड, हवा तो आवाज, तसे बनवून देतो. पण बंद पाठीचे सांगा हं. उघड्या पाठीचे घेतलेत तर अर्धा आवाज बाहेर येणार आणि तुमच्या इवाबुचीबाई पुन्हा सफरचंदं घेऊन हजर.”

नोबुएबाईंनी मास्टरांना हानामाकीला चला म्हणून बघितलं. “कशाला उगाच,” मास्टर म्हणाले आणि पेपर उलटला. मग नोबुएबाई एकट्याच निघाल्या. ओळखीचं संगीत बरोबर आणा, असं मिसावाने फोनवर बजावलं होतं. आता हजारोंतून ओळखीचं कुठलं काढायचं? ज्या रेकॉर्डींची पाकिटं जास्त मळलेली होती त्यातल्या चार त्यांनी पिशवीत घातल्या.

मिसावाच्या कारखान्यात शेगडी पेटलेली होती आणि मिसावाच्या भुवयांवरसुद्धा भुसा होता. त्याने कापडावर हेडफोनच्या तीन जोड्या मांडल्या. प्रत्येकीच्या वाट्या वेगळ्या लाकडाच्या : एक चेरी, एक पेट्या करतात ते हलकं किरी, आणि एक अक्रोड.

“डोळे मिटा, काकू,” तो म्हणाला. “लोक लाकडाचा रंग बघून भाळतात आणि मग सांगतात, आवाज आवडला.”

पहिली जोडी कानावर चढली आणि नोबुएबाई दचकल्या. “कुणीतरी ताटल्या आपटतंय.”

“झांजा आहेत त्या.”

“अशा असतात?”

मिसावाने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. दुसरी जोडी लावली. किरीच्या वाट्या इतक्या हलक्या की कानावर काही आहे असं वाटेना, आणि आवाज इतका जवळ की नोबुएबाई लाजल्या. “फुंकणाऱ्याचा श्वास ऐकू येतोय. परक्या माणसाचा श्वास कशाला ऐकायचा?”

तिसरी जोडी अक्रोडाची. वाट्या खोल, जड. रेकॉर्ड तीच. झांजा कुठे तरी लांब गेल्या, तुतारीची धार बोथट झाली आणि खालून तो जाड तारांचा उभा बेस, सगळ्या वाद्यांचा बाप, घुमत आला, डुम, डुम, डुम, सावकाश पावलं टाकत. नोबुएबाईंचे खांदे खाली आले. मांडीवरचा उजवा हात आपोआप गोल फिरू लागला, कप पुसावा तसा.

“हा!” त्या म्हणाल्या. “हाच. असाच असतो आवाज.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. ‘कोकागे’त त्यांनी एकही रेकॉर्ड खुर्चीत बसून ऐकली नव्हती. त्यांची जागा पडद्यामागे, भांडी घासायच्या बेसिनपाशी. जाड पडदा, एक लाकडी भिंत आणि वाहता नळ यांतून जे काही पलीकडे यायचं, तेच त्यांच्यासाठी संगीत होतं. मास्टरांना हवा असलेला आवाज त्या प्रामाणिकपणे शोधत होत्या, पण दुसरा कुठला आवाज त्यांना ठाऊकच नव्हता.

मिसावाने कान खाजवला. “जरा... वेगळ्या चवीचा आवाज आहे हा. फार कुणी मागत नाही.”

असं बोलणं म्हणजे ‘काकू, नका घेऊ’ असं पाया पडून सांगणं. जन्म अशा आडून बोलणाऱ्या लोकांत गेलेल्या नोबुएबाईंना एरवी ते लगेच उमगलं असतं. पण त्या दिवशी त्या इतक्या खूश होत्या की, “आमच्या यजमानांची आवडही जगावेगळीच आहे,” असं म्हणून त्यांनी वाटेत खायला केलेल्या भाताच्या गोळ्यांतले दोन मिसावालाच देऊन टाकले.

हेडफोन तयार होऊन आले तेव्हा बाहेर बर्फ साचलं होतं. मास्टरांनी खोका उघडला, वाट्यांवरून अंगठा फिरवला, वास घेतला. मग एक रेकॉर्ड काढून लावली, खुर्चीत बसले, डोळे मिटले. नोबुएबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. मास्टरांच्या कपाळाला एक आठी पडली. ती रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत गेली नाही.

हेडफोन काढून मास्टर म्हणाले, “काम मेहनतीचं आहे.”

झालं. भाजी कशी झालीय विचारलं आणि नवऱ्याने ताटाची तारीफ केली, तर बायकोने काय समजायचं? नोबुएबाई आत गेल्या आणि कारण नसताना चहाचं भांडं घासत बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्याचा त्यांना जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र मास्टरांनी हेडफोन स्वतःहून खोक्यातून काढले. नोबुएबाईंना क्षणभर आशा वाटली. पण मास्टर खुर्चीत बसेनात. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, वायर ताणलेली, चेहरा दाढदुखीसारखा, आणि तसेच उभ्या उभ्या ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्याही. नोबुएबाईंनी ओळखलं, की हा माणूस केवळ आपलं मन राखायला शिक्षा भोगतोय. बसून ऐकण्याइतकंही याला सोसवत नाही. ऐकायला लावायला गेले आणि ऐकण्याचा छळ करून ठेवला. आठवडाभर त्यांनी कळ काढली. मग एका दुपारी मुळा किसता किसता त्यांचा बांध फुटला. किसणी तशीच हातात घेऊन त्या बाहेर आल्या आणि हेडफोनची वायरच खेचली.

“आवडले नाहीत तर नाही म्हणा की! मिसावा वाट्या बदलून देतो म्हणालाय. रोज ते फाशी दिल्यासारखं तोंड करून उभं कशाला राहायचं?”

“बदलायचे नाहीत,” मास्टर म्हणाले.

“मग बसून तरी ऐका!”

“तू बसत होतीस?”

नोबुएबाईंना काही कळेना. मास्टरांनी हेडफोन गळ्यात उतरवले आणि वाट्यांवर हात ठेवून उभे राहिले. किती तरी महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते, म्हणून शब्द अडखळत येत होते.

“थोरलीच्या वेळी तू माहेरी गेली होतीस. तेव्हा बेसिनपाशी मी होतो. तिथून हे असं ऐकू येतं. पहिल्या दिवशी कानाला लावले आणि लगेच ओळखलं. तेव्हा मी काय म्हणालो होतो माहीत आहे? इथे माणसाला काही ऐकू येत नाही, म्हणालो. वैतागून गेलो होतो. मग तू बाळाला घेऊन परत आलीस, आणि मी जाऊन खुर्चीत बसलो. तू तिथे उभी आहेस हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. म्हणून म्हटलं, आता आपण थोडं उभं राहून बघू.”

नोबुएबाई किसणीकडे बघत राहिल्या. नवऱ्याने असं काही बोलावं याची त्यांना सवयच नव्हती. मग त्यांना हसू यायला लागलं.

“अहो, पण मला आवडायचं ते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही समजताय तसं नाही. मी काही तिथे दुःखात नव्हते. चांगलं गाणं लागलं की मी धुतलेले कप पुन्हा धुवायचे. नाही तर हा आवाज मी कशाला निवडला असता?”

मास्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू ही बाई आत्ताच दारातून आत आलीय.

“चांगलं गाणं? कुठलं?”

“नाव मला काय माहीत? तुम्ही कधी सांगितलंत?”

“म्हणून दाखव.”

“वेडे का! इवाबुचीबाई ऐकतील.”

“हळू म्हण.”

नोबुएबाईंनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि पदरच नसल्यामुळे अॅप्रनचं टोक तोंडाशी धरून म्हणून दाखवलं, डुम डु-डुम, डुम. वरचे सूर त्यांच्यापर्यंत कधी आलेच नव्हते, तर त्या म्हणणार कुठून? मास्टरांनी डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं. ज्या माणसाला पहिल्या फुंकेवरून रेकॉर्ड ओळखता यायची, तो पार गोंधळून गेला.

“हे कुठलंही असू शकतं,” ते म्हणाले आणि बाह्या सरसावल्या. “बस इथे.”

“मुळा अर्धा राहिलाय.”

“राहू दे मुळा. बस म्हणतो ना.”

त्यांनी नोबुएबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं, हेडफोन त्यांच्या कानावर चढवले, केस वाटीखाली अडकले होते ते अलगद मोकळे केले. मग गुडघ्यांवर बसून रेकॉर्डींच्या भिंतीत हात घातला. एक लावली. “ही?” असं त्यांच्या ओठांवरून कळलं. नोबुएबाईंनी नाही म्हणून मान हलवली. दुसरी लावली. “ही?” तीही नव्हे. मास्टरांचे गाल लाल झाले होते. पाकिटं उजवी-डावीकडे फेकत ते रांगतच पुढच्या कप्प्याकडे गेले, स्वतःशीच पुटपुटत, मधेच एखादं पाकीट ओळखीचं माणूस भेटावं तसं हातात धरून हसत.

तिसऱ्या रेकॉर्डवर सुई टेकली आणि नोबुएबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. डुम डु-डुम, डुम. तेच. आणि या वेळी मध्ये नळ नव्हता, कपांची खळखळ नव्हती. समोर मास्टर गुडघ्यांवर बसून आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या मांडीवर पाकिटांचा ढीग होता आणि मागे अजून न उघडलेले कितीतरी कप्पे.

“ही?”

“नाही हो,” नोबुएबाई म्हणाल्या. “पुढची लावा.”