शिवून ठेवलेलं उत्तर

माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. आम्ही घरात त्यांना दादा म्हणतो. शाळा सुरू झाली की त्यांचा पहिला तास शिवणकामाचा असे. गणिताच्या पुस्तकात शेवटी उत्तरांची पानं असतात. ती प्रत्येकानं घरून सुईदोरा आणून वर्गातच शिवून टाकायची, असा नियम होता. दादा बाकांमधून फिरत टाके तपासायचे. टाका सैल दिसला की स्वतःच्या हातानं उसवायचे आणि पुन्हा घालायला लावायचे. गावात कुणी म्हणे, हा मास्तर आहे का टेलर? दादांना फरक पडत नसे. उत्तर आधी पाहिलं की पोरगं गणित सोडवत नाही, उत्तर येईपर्यंत आकड्यांची ओढाताण करतं, एवढंच ते म्हणत. वर्षाच्या शेवटी ब्लेडनं टाके कापायचा कार्यक्रम व्हायचा. मीही त्या वर्गातून गेले आहे. माझे टाके त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा उसवले.

तीर्थपुरीच्या पलीकडच्या त्या गावातून निघून मी शेवटी जमिनीखालच्या एका बोगद्यापाशी पोचले. या बोगद्यात प्रोटॉन गोल गोल पळवतात आणि एकमेकांवर आदळवतात. त्या आदळण्यातून मेसॉन नावाचे कण निघतात आणि त्यांचं मोडणं मोजायचं, हे माझं काम. "मेसॉन म्हंजे काय?" हे मला गावी एस.टी.च्या कंडक्टरपासून मोसंबीच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांनी विचारलंय. मी सांगते, हा कण जन्मला की डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी मरतो. तो कुणाला दिसत नाही. मागं जे काही राहतं ते मोजायचं आणि त्यावरून तो कसा होता ते ठरवायचं. एखाद्याच्या तेराव्याला कोण कोण आलं होतं ते पाहून माणूस कसा होता याचा अंदाज बांधावा, तसं. यावर लोक मान हलवतात आणि पगाराचं विचारतात.

आम्ही ज्या जड मेसॉनच्या मागं होतो, तो फार क्वचित एका खास तऱ्हेनं मोडतो. कधी मागं इलेक्ट्रॉनची जोडी सोडतो, कधी म्यूऑनची. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ. जुना सिद्धांत म्हणतो, मेसॉनला दोघं भाऊ सारखे. दोन्ही जोड्या सारख्याच प्रमाणात निघायला हव्यात. पण आधीच्या मोजण्यांमध्ये म्यूऑन कमी पडताहेत असं दिसत होतं. ते खरं निघालं असतं, तर जुना सिद्धांत फाटला असता आणि त्यामागं एखादा नवाच कण लपलेला आहे असं म्हणता आलं असतं. साहजिकच आमच्या गटातल्या प्रत्येकाला ते खरं निघायला हवं होतं. मलाही हवं होतं, उगाच साधूचा आव आणत नाही.

आणि प्रत्येकाला हवं होतं म्हणूनच उत्तर झाकलेलं होतं. आमच्यात पद्धत अशी की शेवटचा आकडा कॉम्प्युटर कुणालाच दाखवत नाही. कुठला कण घ्यायचा, कुठला टाकायचा, चूक किती धरायची, हे सगळं आंधळेपणानं ठरवायचं. गटाच्या तपासणी समितीनं परवानगी दिली की मगच सर्वांसमक्ष त्या झाकलेल्या उत्तराचा डबा उघडायचा. उघडल्यावर कशालाही हात लावायचा नाही. आला तो आकडा छापायचा. नवी होते तेव्हा पहिल्यांदा हे ऐकून मी बैठकीत मोठ्यानं हसले होते. मला वाटलं, दादा माझ्याआधी इथं येऊन गेले.

समितीचं मात्र काही विचारू नका. वर्षानुवर्षं प्रश्न, उत्तरं, उत्तरांवर प्रश्न. एकदा एका आलेखातल्या रेषेच्या रंगावर अख्खी दुपार गेली. आमची ग्रामसभा परवडली, तिथं निदान चहा तरी मिळतो. अखेर परवानगी मिळाली तेव्हा मी रजेवर गावी निघाले होते. फोनवर मी दादांना फक्त एवढंच म्हणाले, "यंदा डबा उघडणार."

निवृत्त झाल्यापासून दादा सकाळी बसस्टँडवरच्या हॉटेलात बसतात. तिथं त्यांनी जाहीर केलं, "लेक नवा कण शोधून राह्यली." दुपारपर्यंत 'राह्यली' गळून पडलं आणि नुसता शोधच उरला. संध्याकाळी सरपंचांनी सत्कार ठरवला. सरपंच हे दादांचेच विद्यार्थी, दहावीच्या गणितात दोनदा अडकलेले आणि तरीही त्यांना सर म्हणून वाकून नमस्कार करणारे.

मी गावात पोचले तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. सत्काराचा दिवस नेमका डबा उघडण्याचाच. मी सरपंचांना म्हणाले, "अहो, अजून काहीच सापडलेलं नाही. सत्कार कशाचा करताय?"

"ताई, आमदार साहेबांची तारीख मिळालीय," सरपंच म्हणाले. "त्यायची तारीख पुन्हा भेटत न्हाई. तुमचं ते सापडायचं तेवढं जरा जल्दी घ्या."

"ते माझ्या हातात नसतं."

"उन्नीस-बीस असलं तर बराबर करून घ्या. एवढं शिकल्या तुम्ही."

अंबडहून फ्लेक्स आलं. 'नव्या कणाचा शोध लावणाऱ्या आमच्या भूमिकन्येचे हार्दिक अभिनंदन.' मधोमध साहेब, हात जोडून. कोपऱ्यात मी, दहावीच्या फोटोतली, दोन वेण्या घातलेली. छापणाऱ्याकडं विज्ञानाची म्हणून जेवढी चित्रं होती तेवढी त्यानं लावली होती, त्यामुळे माझ्या डोक्यावरून एक रॉकेट उडालं होतं. खाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीनं. त्यातले बरेच जण मला ओळखतही नव्हते. पण मी काय म्हणून हसावं? आमच्या शोधनिबंधावरही काम केलेले चौघं असतात आणि नावांची यादी निबंधापेक्षा लांब.

आदल्या दिवशी मी अंगणात लॅपटॉप घेऊन बसले होते. दादा खुर्ची ओढून शेजारी बसले. बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले.

"हे सगळं तुझ्याच हातात हाये ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग जरा बघून ठेव की. कुणाला सांगू नको. मला फक्त हो का न्हाई एवढं सांग."

मला आधी कळेचना ते काय म्हणताहेत. कळलं तेव्हा भयंकर राग आला. तांत्रिकदृष्ट्या ते शक्यही होतं. प्रोग्रामातली एक ओळ बदलायची, बस. पण हे दादांनी म्हणावं? माझे टाके उसवणाऱ्या माणसानं?

"दादा, तुम्ही सांगताय हे?" मी ओरडलेच.

ते खाली बघायला लागले. "लोकायला सांगून बसलो ना माय," म्हणाले. "माझी जुनी पोरं येऊन राह्यली सगळी. परतूरहून, मंठ्याहून. त्यायच्या समोर..." मला रडू आलं आणि राग गेला नाही. आयुष्यभरात त्यांनी ही एकच फुशारकी मारली होती आणि ती माझ्या नावावर होती. मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. रेंज फक्त गच्चीवर येते, म्हणून वाळत घातलेल्या तुरीशेजारी बसून मी मोबाइलच्या नेटवर बैठकीत सामील झाले. दादा मागं बादली पालथी घालून बसले. स्क्रीनवर सात देशांचे चेहरे. बटण मीच दाबायचं ठरलं होतं. दाबलं.

सारखे. इलेक्ट्रॉन तेवढेच, म्यूऑन तेवढेच. दोघं भाऊ बरोबरीचे. आधीचा झुकाव म्हणजे आमच्याच मोजणीतली घाण होती, दुसऱ्याच कणांना आम्ही इलेक्ट्रॉन समजत होतो. यावेळी ती साफ केल्यावर जुना सिद्धांत जागेवर ठणठणीत उभा. मग गटातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "फारच सुंदर मोजणी." मुलगी पसंत नसली की पाहुणे पोह्यांची तारीफ करतात, तोच तो आवाज.

"काय आलं?" दादांनी विचारलं.

"सारखं आलं. जुनंच बरोबर आहे."

"मंग नवा कण?"

"न्हाई दादा."

ते बादली पुढं ओढून स्क्रीनकडं वाकले. मग म्हणाले, "मोजायला काही चुकलं असंल."

"सगळं उघडायच्या आधी तपासलंय. आता हात लावता येत न्हाई."

दादा उठले आणि जिना उतरून गेले. जाताना माझ्याकडं बघितलंही नाही. मी तुरीशेजारी तशीच बसून राहिले. इतक्या वर्षांची मेहनत वाया गेली असं मला वाटत नव्हतं. मोजणी खरोखरच चांगली होती. पण संध्याकाळी पहिल्या रांगेत त्यांनी कसं बसायचं, याचं उत्तर मला कुठल्याच डब्यात सापडत नव्हतं. मी सरपंचांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, साहेब निघालेत. तुम्ही फक्त हार घ्या अन् हसा. कणाचं कोण बघायला चाललंय?"

साडी नेसून मी शाळेच्या मैदानावर गेले. मांडवापाशी गर्दी वर बघत उभी होती. फ्लेक्सला मंडपवाल्याची शिडी लावलेली, आणि शिडीवर दादा. हातात पोती शिवायचं दाभण आणि सुतळी. 'नव्या कणाचा शोध लावणाऱ्या' या शब्दांवर त्यांनी स्वतःचं पांढरं धोतर घडी करून धरलं होतं आणि ते फ्लेक्सला शिवत होते. खाली शिडी धरून सरपंच घामाघूम उभे.

"सर, साहेब फाट्यावर आलेत!"

"येऊ दे."

"सर, बरं दिसत न्हाई ओ ते."

"उत्तर चुकीचं छापलंय," दादा वरून म्हणाले. "तू शिडी बराबर धर."

सरपंचांनी बराबर धरली. जुन्या सवयी लवकर जात नाहीत.

साहेब आले, हार झाले, शाल झाली. साहेबांना सत्कार कशाचा आहे हे माहीत नव्हतं; अशा वेळी ते फ्लेक्स बघून बोलतात, असं नंतर कळलं. "या आपल्या भूमिकन्येनं," असं म्हणून ते मागं वळले, तर तिथं धोतर. क्षणभर थांबले. मग आवाज चढवून म्हणाले, "या भूमिकन्येनं जे काही केलेलं आहे, त्याचा संपूर्ण जिल्ह्याला अभिमान आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या समितीला वर्षानुवर्षं न जमलेलं नेमकं वाक्य त्यांना एका दमात जमलं.

मी उभी राहून खरं ते सांगितलं. नवं काही सापडलं नाही, दोन्ही जोड्या सारख्या निघाल्या, जुनं पुस्तक बरोबर आहे. मागून कुणीतरी ओरडलं, "मंग एवढा खर्चा कशाला केला?" लोक हसले. पहिल्या रांगेत दादा ताठ बसले होते, अंगात शर्ट-पँट, कारण कार्यक्रमाला नेसायचं धोतर वर होतं. ते हसले नाहीत. मागं वळून त्या माणसाला म्हणाले, "तुझं पुस्तक आण, दाखवतो कशाला." तोही त्यांचाच विद्यार्थी असावा, कारण लगेच गप्प बसला.

मैदान रिकामं झाल्यावर दादा मला म्हणाले, "धोतर काढून आण माय." मी पदर खोचून शिडीवर चढले. काढायच्या आधी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवून टाके तपासले. एकही सैल नव्हता.