उजव्या बाजूचा फुगवटा

“दत्तादादा, उजवीकडचा फुगवटा कुठं गेला?”

रेणुका मॅडमनी विचारलं तेव्हा माझ्या हातात कोपीचा, म्हणजे सिंगापुरी कॉफीचा, कप होता. तो मी खाली ठेवला. फुगवटा मीच घालवला होता. दोन दिवस खपून तो पत्रा मी आरशासारखा सपाट केला होता, आणि कुणीतरी बघून शाबास म्हणेल म्हणून सकाळपासून वाट बघत होतो.

सेम्बावांगचं ते वर्कशॉप आता नाही. बॉस रिटायर झाले, जागा दुसऱ्यांनी घेतली. मी अजून सिंगापुरातच पत्र्याचं काम करतो, पण MRT, म्हणजे इथली मेट्रो, तिकडून जाताना मान आपोआप वळते. आम्ही पाच माणसं होतो. जुन्या रेसिंग गाड्या परत चालत्या करायचो. बॉस इथलेच, चिनी, साठीचे. रेणुका मॅडम पुण्याच्या. वन-नॉर्थ भागातल्या त्यांच्या कंपनीकडं आमच्या गाड्यांची मापं आणि ड्रॉइंग करायचं काम होतं, म्हणून त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. अख्ख्या वर्कशॉपात मराठी ऐकायला मिळायचं ते त्याच दोन दिवशी.

मी कोल्हापूरचा. नववीत शाळा सोडली आणि बस-बॉडीच्या गॅरेजात पत्रा ठोकायला शिकलो. शिपयार्डच्या कामावर इथं आलो. तिथलं काम संपत आलं तेव्हा बॉसनी मला ठेवून घेतलं. सर्टिफिकेट विचारलं नाही, एक पत्रा वळवून दाखवायला सांगितलं. त्या उपकाराला तेव्हा सहाच महिने झाले होते. कामाचा पास वर्कशॉपच्या नावावर. नोकरी गेली की पास जाणार, पास गेला की विमानात बसायचं. घरी आईचं डायलिसिस चालू होतं. त्यामुळं सांगितलेल्यापेक्षा जास्त काम करायची सवय लागली होती.

गाडी होती पन्नासेक वर्षांपूर्वीची, ग्रां प्री शर्यतीतली. एका छोट्या टीमनं बनवलेली. छोटी म्हणजे सात-आठ माणसं, एक गॅरेज आणि एकच गाडी. तिला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडून केलेला एक टब, त्यातच ड्रायव्हर बसतो आणि मागं इंजिन. मालक नोव्हेना भागातले एक डॉक्टर. शनिवारी ते पहिल्यांदा गाडीत बसून बघणार होते, आणि हा बुधवार.

“मला वाटलं ठोकर लागलीय,” मी म्हणालो. “डावीकडं नाही, उजवीकडंच आहे. हातोडीचे घाव पण कसे, वेडेवाकडे. म्हणून काढला.”

“फाइल बघितली नव्हती का?”

फाइल माझ्याच टेबलावर होती. इंग्रजी, टाइप केलेली, जाड. मी रोज ती उचलून बाजूला ठेवायचो. वाचता येत नाही असं नव्हतं, पण एक पान वाचायला मला अर्धा तास लागायचा, आणि कुणी बघेल अशी भीती वाटायची. मॅडम समजल्या. त्यांनी पानं उलटली आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

गाडी किती शर्यतींत धावली आणि का थांबली, याची ती यादी होती. पहिली शर्यत, गिअर चुकला, इंजिन गेलं. दुसरी, अपघात. तिसरी, गिअर चुकला, इंजिन गेलं. चौथीला परत तेच. गिअरचा दांडा ड्रायव्हरच्या उजव्या मांडीशेजारी, पत्र्याला खेटून. गिअर टाकताना त्याची बोटं पत्र्यावर आपटायची, गिअर नीट बसायचा नाही आणि इंजिन नको तेवढं फिरून फुटायचं. पाचव्या शर्यतीआधी टीमच्या मेकॅनिकनं तिथंच ट्रॅकवर हातोडी घेतली आणि आतून पत्रा बाहेर ठोकला. बोटांना जागा झाली.

“पुढं?” मी विचारलं.

“पुढं गिअरची तक्रार एकदाही नाही. आणि त्याच वर्षी पावसातल्या शर्यतीत सहावा नंबर. एक पॉइंट. त्या टीमला आयुष्यात मिळालेला एकुलता एक पॉइंट.”

मी त्या चकचकीत पत्र्याकडं बघितलं.

“बॉसना मी सांगू का?” मॅडम म्हणाल्या.

“नको. तुम्ही फक्त माझ्या शेजारी उभ्या राहा.”

बॉसनी सगळं ऐकून घेतलं. वाकून पत्र्यावरून तळहात फिरवला. “वेरी स्मूथ,” ते म्हणाले. “टू स्मूथ, लाह.” ‘लाह’ हे इथल्या बोलण्यातलं शेपूट. माझ्या डोळ्यांपुढं विमानतळच आला. “कॅन मेक बॅक ऑर नॉट?” बॉसनी विचारलं, परत तसा करता येईल की नाही.

“कॅन, बॉस.”

“कॅन मीन्स कॅन, हां. फ्रायडे.”

करतो म्हणालो खरं, पण ठोकून ठोकून पत्रा कडक झाला होता. तसाच ठोकला असता तर फाटला असता. तो सोडवून काढला आणि वरून अंगाचा साबण चोळला. ही युक्ती कोल्हापूरच्या गॅरेजातल्या उस्तादांची. खालून गॅसची आच द्यायची, साबण काळा पडला की थांबायचं. पत्रा मऊ होतो. क्षणभर उशीर झाला तर वितळून भोक. मला साबणावर नजर ठेवायची होती, म्हणून बर्नर धरायला मॅडमना सांगितलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा धरला.

“दादा, जळलं तर मी पण जाईन हं पुण्याला,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला आईबाप जेवायला तरी वाढतील. माझी बायको दारातच उभं करील.”

पत्रा मऊ झाला. फुगवटा किती आणि कुठं हे फाइलमधल्या जुन्या फोटोवरून नीट कळेना. शेवटी आतली बाजू चाचपून बघितली. आतून मी पॉलिश केलं नव्हतं, तिथं जुन्या घावांच्या पुसट खुणा राहिल्या होत्या. मध्ये दाट, कडेला विरळ. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून त्याच खुणांवर ठोकत गेलो. त्या मेकॅनिकनं घाईत केलेलं काम मी दोन दिवस जपून केलं. इतकं वेडंवाकडं काम मला आधी कधी इतकं कठीण गेलं नव्हतं.

शनिवारी डॉक्टर आले. गाडीत बसायच्या आधीच बॉसनी त्यांना सगळं सांगून टाकलं. मी हत्यारांच्या स्टँडमागं उभा होतो. डॉक्टर आत बसले, गिअर टाकून बघितला, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि परत. बोटं कुठं लागली नाहीत.

“कुणी केलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“मोडलंस पण तूच?”

“येस सर.”

“मग दोन्ही लिही. गाडीच्या फाइलमध्ये. तुझ्या हातानं.”

मॅडमनी स्पेलिंग सांगितलं, मी लिहिलं. उजवा पत्रा माझ्या चुकीनं सपाट झाला, जुन्या खुणांवरून परत केला. खाली सही आणि गाव. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “चूक कबूल केली आणि वर सही पण दिलीस? शहाणाच आहेस.”

पुढच्या वर्षी पास वाढला. डॉक्टरांनी गाडी ट्रॅकवर चालवली, चार फेऱ्या झाल्या आणि पाण्याचा पाइप सुटला. त्यात माझा हात नव्हता.

एवढ्या वर्षांत पत्र्याची कामं पुष्कळ केली. वाकडं दिसलं की हातोडी उचलावीशी वाटते, अजूनही. पण ते कुणी वाकवलं आणि कशासाठी, हे आधी विचारतो. कागद असेल तर वाचतो. अर्धा तास लागतो. लागू दे.