रंगाखालचा नववा दिवस

स्वयंपाकघरातल्या दोन फळ्या पुसून झाल्या होत्या, तिसरी राहिली होती आणि एकोणीस डबे जमिनीवर मांडलेले होते. ओळंब्याने डबे उतरवले ते बायकोला मदत म्हणून. पण फळी रिकामी दिसली तशी त्याने खिशातली सपाटी बघायची पाणसळ काढून तिच्यावर ठेवली आणि काम तिथंच अडलं. ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तीस वर्षं बांधकामाची कंत्राटं घेतली, एक भिंत कलू दिली नाही, म्हणून गवंड्यांनी भिंत सरळ आहे का ते बघायच्या ओळंब्याच्या दोरीवरून पाडलेलं नाव. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी आधी तिथली तसबीर सरळ करणार, मगच घास घेणार.

तेवढ्यात फोन आला. लवादसाहेबांचा कारकून. गुरुवारची बैठक शेवटची, आणखी काही पुरावा असेल तर आणा, नाहीतर आहे त्या कागदांवर निकाल होईल, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

ओळंबा डब्यांच्या मधोमध मटकन बसला. अकरा महिने झाले होते या प्रकरणाला. एका शाळेला त्याने पाण्याची टाकी बांधून दिली. ती तळाला पाझरायला लागली. शाळेचे व्यवस्थापक म्हणाले, बांधकाम कच्चं, पाडून टाका. ओळंबा म्हणाला, एकवीस दिवस टाकी भरू नका म्हणून सांगितलं होतं, तुम्ही नवव्या दिवशीच पाणी सोडलंत. आतून एक थर दिला की पाझर थांबेल, तो मी देतो. पैशाचा प्रश्नच नव्हता, ते कधीच चुकते झाले होते. टाकी उभी राहायची की पाडायची, एवढंच. पण टाकी पडली की तीस वर्षांचं नावही तिच्याबरोबर पडणार, आणि पुन्हा कुठली शाळा त्याला दारात उभं करणार नव्हती.

करारात कलम होतं, भांडण झालं तर कोर्टात न जाता लवाद नेमायचा. सही करताना ओळंब्याला बरं वाटलं होतं. काँक्रीट कळणारा कुणी निवृत्त इंजिनिअर बसेल, दोन बैठकांत मोकळे. प्रत्यक्षात लवाद कोण, यावर एकमत व्हायलाच तीन महिने गेले. पहिल्या बैठकीत नुसत्या तारखा ठरल्या. दुसरीत शाळेच्या वकिलांनी हा वाद लवादापुढे येतो तरी का, यावरच वाद घातला. तिसरीला त्यांचा घसा बसला होता. चौथीत लवादसाहेबांनी साधा प्रश्न विचारला: रोजच्या कामाची नोंदवही कुठंय?

इथंच घोडं अडलं. ओळंब्याकडे वही नव्हतीच. वही भिजते, हरवते, भिंत कुठं जात नाही, असं त्याच्या उस्तादाने शिकवलेलं. टाकीखालच्या पंपाच्या खोलीत त्याने दोरीला पेन्सिल बांधून ठेवली होती, आणि जो टाकीला हात लावेल त्याने भिंतीवर स्वतःच्या हाताने तारीख घालून लिहायचं, असा दंडक. नवव्या दिवशी खुद्द व्यवस्थापकांनी लिहिलं होतं: आज पाणी सोडले. खाली सही.

"मग दाखवा की ते," लवादसाहेब म्हणाले होते.

"रंगाखाली आहे, साहेब."

कारण उद्घाटनाला पाहुणे यायचे म्हणून, भिंतीवरची गिचमिड बघवेना म्हणून, ओळंब्याने स्वतः उभं राहून डिस्टेंपरचे दोन हात मारून घेतले होते. व्यवस्थापकांना आता काही आठवत नव्हतं. शाळेचे वकील मात्र पोटभर हसले होते.

"देव बुद्धी देतो, पण वापरायची आपली आपण असते," बायको तिसऱ्या फळीमागची तेलकट भिंत गरम पाण्याच्या फडक्याने घासता घासता म्हणाली. रोज सकाळी देवापुढे त्या टाकीचं नाव तीही घेत होती, पण टोमणा मारायचं सोडत नव्हती. जरा वेळाने तिचा हात थांबला. "अहो, हे काय खरडून ठेवलंय इथं?"

रंग फडक्याबरोबर निघून आला होता आणि खालून पेन्सिलीची अक्षरं वर आली होती. ओळंब्याचंच अक्षर, बावीस वर्षांपूर्वीचं. फळीची रेघ, आणि शेजारी: तिचा हात इथवर पोचतो.

बायकोने वाचलं, फळीकडे पाहिलं. "आणि तरी चार बोटं वर ठोकलीत. लवाद नेमला असता तर जिंकले असते मी."

ओळंबा हसला नाही. त्याने त्या ओळीवर ओलं बोट फिरवून पाहिलं. इथलाही डिस्टेंपरच, तो बोटाला लागला, पेन्सिल जागची हलली नाही. तो उठला, बादली उचलली आणि चपला शोधायला लागला.

"अहो, कुठं निघालात?"

"शाळेत. भिंत धुवायला."

"एकटे गेलात तर म्हणतील, आत्ताच लिहून आलात."

बादली खाली आली. अकरा महिन्यांत त्याच्या स्वतःच्या वकिलाने सांगितलं नाही ते हिने एका वाक्यात सांगितलं, म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. त्याने लवादसाहेबांना फोन लावला. कारकुनाने उचलला. साहेब एका बाजूशी एकटे बोलत नाहीत म्हणाला. दोन्ही बाजूंसमोर भिंत धुवायची विनंती अर्जात करा, एक प्रत इथं, एक समोरच्या वकिलांना, त्यांची पोच घेऊन. आणि आज पाचच्या आत. ओळंब्याने विचारलं, भिंत पळून जाणार आहे का? कारकून म्हणाला, भिंत नाही, पण वेळ जाईल.

अर्ज बायकोने लिहिला, कारण त्याचं अक्षर लवादसाहेबांना लागत नसे. तिने मजकूर दोनदा वाचून दाखवला, देवापुढे क्षणभर ठेवला आणि त्याच्या हातात दिला. डबे होते तिथंच होते. ते ओलांडताना त्याने एक वाकडा डबा पायानेच सरळ केला.

आता आधी कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्जाच्या दोन झेरॉक्स काढायच्या होत्या, आणि तिथून त्या हसणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात पोच घ्यायला जायचं होतं.