मी वेड्यांची डॉक्टरीण कशी झाले

“सगळं सोडून वेड्यांची डॉक्टरीण का झालीस गं?” असं कुणी विचारलं की मी एक किस्सा सांगते. दुसऱ्या कुणी विचारलं की दुसरा. असे किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही, पण विसरायचे म्हटलं की नेमके तेच अंगाला चिकटून बसतात! माझे सगळे पिंपरीच्या एकाच दवाखान्यातले. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली. मुंबई रस्त्यालगत दोन खोल्या, मी नवीकोरी एम.बी.बी.एस. आणि सांगवीच्या नर्स गोदूताई. बस्स!

*

शेजारी निर्वासितांची छावणी होती. तिथले एक म्हातारे सिंधी शेठ सारखे कान दाखवायला यायचे. कानात रेल्वेचा आवाज येतो म्हणायचे. मी पिचकारीनं कान धुतले, थेंब घातले. आवाज कायम!

शेवटी मी वैतागले. “शेठजी, समोरून रेल्वे जाते. आवाज येणारच ना?”

शेठ हसले. “वो गाडी तो स्टेशन पे रुकती है, डॉक्टरनी. मेरीवाली नहीं रुकती.”

*

रहाटणीचा एक शेतकरी बायकोला बैलगाडीतून घेऊन आला. तिचे पाय कासऱ्यानं बांधलेले. तान्हं मूल गेल्यापासून तिला विहिरीतून त्याचं रडणं ऐकू यायचं.

“सोडली की विहिरीकडं पळती, बाई. आमी तरी काय करावं?”

बांधून ठेवू नका, विहिरीवर काहीतरी पक्कं झाकण घाला, असं मी सांगितलं. औषध दिलं ते नुसतं झोपेचं. त्याहून जास्त मला काही येतच नव्हतं.

पुढच्या खेपेला ती मोकळ्या पायांनी आली. गोदूताईंनी तिच्या नवऱ्याला विचारलं, “झाकायला फळ्या कुठनं आणल्या?”

“फळ्या कुठल्या? घराचं दार काढून टाकलंय विहिरीवर.”

“अहो, चोर शिरतील की घरात!”

“शिरू द्या. ही ऱ्हायली म्हंजी झालं.”

*

नव्या कारखान्यात लागलेला कोकणातला एक तरुण आला. उजवा हात खांद्यापासून लुळा. पुण्याच्या सर्जननं तपासून शेरा मारला होता, हाताला काही झालेलं नाही, शिफ्ट चुकवायला सोंग करतो. मी सुई टोचली. गडी हलला नाही!

“कधीपासून आहे हे?”

“वडलांना अग्नी दिला, त्या दिवसापासून.”

“याच हातानं दिलास?”

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, “चितेवर ते हलले, बाई.”

आगीच्या उष्णतेनं स्नायू आखडतात, प्रेत हलतं, हे मी त्याला पुन्हा पुन्हा समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. जाताना डाव्या हातानं नमस्कार केला.

*

दर आठवड्याला पुण्याहून एक मोठे डॉक्टर मोटारीतून तपासणीला यायचे. मनाची कसलीही तक्रार असो, त्यांचं औषध ठरलेलं. “ब्रोमाइड मिक्स्चर द्या! पुढचा पेशंट!”

एकदा ते भलत्याच वारी, मोटारीशिवाय आले आणि पेशंटांच्या बाकावर बसले. गोदूताई धावल्या. “सायेब, आत चला ना.”

“नाही. माझा नंबर येऊ दे.”

नंबर आला. समोरच्या स्टुलावर बसून म्हणाले, “बायको गेल्यापासून झोप नाही.”

मी म्हटलं, “सर, ब्रोमाइड देऊ?”

“छे! त्यानं काही होत नाही, बाई.”

*

माझा थोरला भाऊ, अण्णा, आफ्रिकेत होता. चिंचवडच्या आमच्या घरी कुणी विचारलं की बाबा सांगायचे, “मोठ्या हुद्द्यावर आहे, रजा मिळत नाही.” तो गेला तेव्हा मी परकरातली पोर. त्याची पत्रं का येत नाहीत, असं मी एकदाच विचारलं होतं. आई उठून आत गेली.

दवाखान्यातल्या एका पेशंटला वेड्यांच्या इस्पितळात पोचवायला मी आणि गोदूताई गेलो होतो. तिला दाखल करून आम्ही अंगणातून परत निघालो, तर भिंतीला टेकून बसलेला एक माणूस उठला. डोकं भादरलेलं, अंगात मळकी बंडी.

“आई?” म्हणाला. मग अगदी जवळ आला. “नाही, नाही. तू शकू!”

त्याच्या डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. अण्णाची लहानपणी कुत्र्यानं तोडली होती, तशीच.

गोदूताईंनी माझा दंड धरला. “वळखीचे हायेत का, बाई?”

तो तर आनंदानं सगळ्यांना हाका मारत सुटला होता. “अरे या, या! माझी बहीण आली! मी म्हणत नव्हतो? बाबा मला इथं सोडताना सांगून गेले होते, आम्ही सगळे आफ्रिकेला चाललोय म्हणून!” मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, “कधी आलात गं परत?”

मी म्हटलं, “आजच.”