तिचा डावा कान

हे माह्या मायलेही माहीत नाई. नवऱ्यालेही नाई. तुमाले आज कावून सांगून रायली — ते मलेच समजत नाई.

मी बॉक्सर आहो. ठोसे मारून पोट भरते. खेळाच्या कोट्यातून रेल्वेत लागली. भिलाईत कुठं कार्यक्रम असला की मले स्टेजवर बसवतात, हार घालतात, आणि पोरी विचारतात — दीदी, आप यहाँ तक कैसे पहुँचीं? मी म्हणते, मेहनत. खोटं आहे का ते? नाई. पहाटे जुनवानीकडं धावत जायची, हात सुजेपर्यंत बॅग बडवायची. पण मेहनत प्रणालीनंही केली होती. माह्यापेक्षा जास्तच.

प्रणाली जामुलची. तिचा बाप सिमेंटच्या कारखान्यात, माहा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये; दोघींची घरं मूळची भंडाऱ्याकडची. सरावाच्या हॉलमध्ये सारे हिंदी बोलत, मराठी आमच्या दोघींचीच. सरांची नक्कल करा, समोरच्या पोरीले शिव्या घाला — कोणाच्या बापाले कळत नव्हतं! मले ती ताई म्हणे. वजन आमचं सारखं. आणि राज्याच्या टीममध्ये त्या वजनाची जागा एकच.

निवड तोंडावर आली होती. त्या सकाळी सरांनी आमाले समोरासमोर सरावाले उभं केलं. हेडगार्ड बांधता बांधता ती म्हणाली, "ताई वं, डाव्या कानावर नको मारजो. पिकला आहे, लय ठणकून रायला. सरांले समजलं तर मले बसवतील."

"नाई मारत वं," मी म्हणलं.

सर बाजूलेच उभे होते. त्यांले एक अक्षर समजलं नाई.

पहिल्या राउंडमध्ये शब्द पाळला. तिनं मले धुतलं. नाक फोडलं माहं. रक्त ओठावर आलं, साऱ्या पोरी पाहून रायल्या होत्या, आणि मले समजलं — ही जाते, मी रायते. असा राग आला, असा राग आला की डोळ्यापुढं अंधारी! दुसऱ्या राउंडमध्ये दिसलं, तिचा डावा हात खाली आहे. ती बाजू उघडी. इतकी हुशार पोरगी, बाजू उघडी कावून ठेवली तिनं? माह्या शब्दावर ठेवली होती.

मारलं मी. उजवा हुक, सारं अंग घालून, बरोबर तिथंच. ती किंचाळली. साऱ्यांले सांगतलं, चुकून लागला. एक ठोसा चुकून लागते, मान्य. तीन लागतात का? दुसरा मारला तवा ती गुडघ्यावर जाऊन रायली होती. तिसरा मारला तवा तिचे दोन्ही हात खाली होते, आणि मले — हेच सांगायचं होतं, बाकी साऱ्या गोष्टी — मले मजा आली.

हेडगार्ड काढलं तर कानातून रक्त मानेवर उतरून रायलं होतं. सर माह्यावर धावून आले. तीच मधात बोलली, "दीदी की गलती नहीं है सर. मेरा गार्ड नीचे था."

दीदी. ताई नाई.

कानाचा पडदा फाटला होता. ती मेडिकलमध्ये बाद झाली, टीममध्ये मी गेली. तिनं कोणालेच काही सांगतलं नाई. मीही नाई.

मागच्या महिन्यात तिच्या घरी गेली. सांगून टाकू म्हणूनच गेली होती, शपथ. आत ती मायसंग बोलून रायली होती — वांग्यात मीठ जास्त पडलं म्हणून दोघी हसून रायल्या होत्या, अस्सल आपल्या बोलीत. मी दारातच उभी रायली, ऐकत. मंग ती बाहेर आली. उजवा कान माह्याकडं केला.

"बैठिए दीदी. चाय लाती हूँ."

"चीनी कम," मी म्हणलं. चहा पेला, आणि निघून आली.