शिरीषाखालचा कोको

दर रविवारी बोटीने गोराईला जायचं म्हणजे किस्से होणारच. एक सांगून संपेपर्यंत दुसरा तयार. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत "वाडीचं काय चाललंय?" असं आता कोणी विचारत नाही, तासभर जातो म्हणून.

आम्ही तिघं. मी, शेजारची नंदा, जिच्या वडिलांची ती वाडी, आणि तिसऱ्या मजल्यावरचे सावंत. मालवणचे असल्यामुळे आपल्याला शेतीतलं सगळं कळतं, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं.

नंदाने तिथल्या मोठ्या शिरीषाच्या सावलीत कोको लावला, चॉकलेटचा. तिच्या भावाला, अरुणला, त्या जागी लग्नाचं लॉन हवं होतं. भांडून, रडून नंदाने तीन वर्षं मागून घेतली. तिसऱ्या मे महिन्यापर्यंत एक तरी फळ दिसलं पाहिजे, नाहीतर वडिलांनी लावलेला मधला शिरीष पाडून सगळं सपाट!

*

पहिल्याच रविवारी आम्ही खराटे घेऊन वाडी लख्ख झाडली. सोसायटीतली माणसं ना आम्ही. पाचोळ्याच्या बारा पिशव्या भरल्या, वर सुका कचरा वेगळा, ओला वेगळा.

शेजारच्या वाडीतली रोझीमावशी कुंपणावरून बघत होती. "कोण पाहुणे यायचेत?"

"कोणी नाही."

"मग झाडांच्या तोंडचा घास कशाला काढलात?"

बाराही पिशव्या परत पसरल्या. सावंत म्हणाले, "मी हेच सांगणार होतो."

*

त्यानंतर नंदाला पाल्याची हावच सुटली. सोसायटीचा झाडलेला पाला ती गोणीत भरून बोटीवर चढवायला लागली. बोटवाल्याने विचारलं, "ताई, गोराईत पाला नाही काय?"

"आहे. पण कमी पडतो."

तो दिवसभर हे सगळ्यांना सांगत होता म्हणे.

*

दुसऱ्या वर्षी सावंतांना वाटलं, कोकोला ऊन हवं. कोणाला न विचारता त्यांनी एका रांगेवरच्या शिरीषाच्या फांद्या छाटून टाकल्या. एप्रिलपर्यंत तिथली माती अशी कडक झाली की कुदळ टणकन उलटी यायची. शिरीषाच्या उरलेल्या फांद्यांखाली मात्र नुसतं बोट खुपसलं तरी गांडूळ वर यायचं.

सावंतांना फार वाईट वाटलं. पुढचे सगळे रविवार ते त्या रांगेवर छत्री धरून उभे. शेवटी नंदा म्हणाली, "सावली झाली हो सावंत, पण पानं कधी गाळणार तुम्ही?"

*

आता माझा गाढवपणा. तिसऱ्या वर्षी खोडांवर पांढरे पांढरे ठिपके दिसले. मला वाटलं बुरशी. फुलं फांदीला येतात, एवढंच माझं ज्ञान. जुना टूथब्रश घेऊन दोन तासांत मी सगळी खोडं घासून काढली आणि अभिमानाने नंदाला हाक मारली.

कोकोला फुलं खोडावरच येतात, हे तेव्हा कळलं. नंदा दोन रविवार माझ्याशी बोलली नाही. मलाही घास गोड लागत नव्हता.

*

मे उजाडला. फळ एकही नाही, अर्थात माझ्यामुळे. अरुण बोटीऐवजी भाईंदरच्या रस्त्याने फिरून नव्या गाडीने आला, सोबत करवतवाले दोघं. नंदा शिरीषाच्या बुंध्याला हात लावून नुसती उभी. मला तर तोंड लपवावंसं वाटलं.

करवतवाला म्हणाला, "साहेब, गाडी बाजूला घ्या. झाड तिच्यावरच पडेल."

अरुणने शिरीषाखाली लावलेल्या गाडीकडे पाहिलं. मग मोकळ्या जागेकडे, तिथे ऊन रणरणत होतं. मग माडांकडे. नारळाखाली नवी गाडी कोण लावणार?

"सीट तापतील," तो म्हणाला. "जरा ऊन उतरू दे."

नंदाने कोकम सरबत आणलं. करवतवाले पाचोळ्यावर आडवे होऊन घोरायला लागले. अरुणने बूट काढले, पाय पाचोळ्यात खुपसले आणि तोही तिथेच पेंगला.

पाच वाजता तो उठला, करवतवाल्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि गाडी चालू केली.

"नंदा," काच खाली करून तो म्हणाला, "पुढच्या रविवारी इथे दुसऱ्या कोणाला गाडी लावू देऊ नकोस."